लाओ आणि आफ्रिकी स्थलांतरित : एका तुलनेची फेरतपासणी

मागील वर्षावासात आमच्या मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका वक्त्यांनी अमेरिकेतील बौद्ध समाजाविषयी व्याख्यान दिले. लाओस या छोट्या बौद्ध देशातून अंगावरच्या कपड्यानिशी गेलेली माणसे तिकडे घरादाराची झाली. आफ्रिकेतून गेलेली माणसे मात्र मागे राहिली. कारण एकांच्या पाठीशी धम्म होता आणि दुसऱ्यांच्या पाठीशी नव्हता, असे त्यांनी सांगितले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगा, आम्हांला बरे वाटले.

घरी परतताना मात्र मनात शंका आली. "अमक्यांना जमले, मग तुम्हांला का जमत नाही?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत, कचेरीत, कधी शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेला आहे. तो विचारणाऱ्याला उत्तर नको असते, हेही आपणांस ठाऊक आहे. तोच प्रश्न आपल्या बाजूने, दुसऱ्या कुणाला उद्देशून विचारला गेला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक सवय जडते. बेरीज कुणी केली यापेक्षा ती जुळते की नाही हे पाहावेसे वाटते. म्हणून आम्ही अमेरिकेतील जनगणना व इतर पाहण्यांची आकडेवारी मिळेल तितकी वाचून काढली. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेव्हा तज्ज्ञतेचा दावा नाही. पण बेरीज जुळत नाही, एवढे खात्रीने सांगता येते. कोठे जुळत नाही, ते पुढे मांडत आहोत.

आधी लाओसविषयी. हा देश थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यामध्ये वसलेला आहे, त्याला समुद्रकिनारा नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्यावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यासाठी विमानांच्या सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या झाल्या, आणि हे सारे अमेरिकन जनतेला फारसे न कळू देता. त्यांतील कोट्यवधी लहान गोळे न फुटताच जमिनीत रुतून राहिले. युद्ध संपून चाळीस वर्षे लोटल्यावरही नांगराच्या फाळाला लागून ते फुटत होते. २०१६ च्या सप्टेंबरात अध्यक्ष ओबामा व्हिएन्टियानला गेले आणि हे गोळे काढण्यासाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. पदावर असताना लाओसला गेलेले ते पहिले अमेरिकन अध्यक्ष.

याच युद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने डोंगराळ भागातील ह्मोंग जमातीचे (उच्चार 'मोंग' असा करतात) सैन्य जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली उभे केले. १९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी सत्ता आली. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्यांना मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये पळावे लागले. कित्येक नदीत बुडाले, कित्येक गोळ्यांना बळी पडले. जे वाचले ते बान विनाईसारख्या छावण्यांतून वर्षानुवर्षे राहिले. एकट्या बान विनाईत एके काळी ४० हजारांहून अधिक माणसे होती. तेथून त्यांना अमेरिकेत, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले.

येथेच आमच्या वक्त्यांची पहिली चूक आहे. 'लाओसचे लोक' हा एक समाज नाही. सखल भागातील लाओ हे थेरवादी बौद्ध. डोंगरातील ह्मोंग पूर्वजांची व आत्म्यांची पूजा करणारे. अमेरिकेत गेल्यावर त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती झाले. याशिवाय ताई दाम, मिएन, ख्मू अशा जमाती वेगळ्याच. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत लाओ सुमारे २ लाख ३२ हजार, तर ह्मोंग २ लाख ६० हजार भरले. म्हणजे लाओसहून गेलेल्यांच्या यशाचे श्रेय बौद्ध धम्माला द्यायचे, तर त्यांतील निम्म्याहून अधिक लोक बौद्ध नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

दुसरी चूक आफ्रिकेच्या बाबतीत. आफ्रिका हा देश नव्हे, पन्नासांहून अधिक देशांचे खंड आहे, हे शाळेत शिकलेले आपण नेमके अशा वेळी विसरतो. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत जन्मलेले लोक १९८० मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार होते. २०१९ पर्यंत ते २१ लाखांच्या आसपास गेले. हे सर्व एकाच वाटेने आलेले नाहीत, आणि सर्व विवेचनाचा गाभा आमच्या मते येथेच आहे.

पहिली वाट विद्यार्थ्यांची. नायजेरियात १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि हजारो तरुण अमेरिकन विद्यापीठांत शिकायला गेले. पुढे तेलाचे भाव कोसळले, १९८६ नंतर नायरा या त्यांच्या चलनाची घसरगुंडी झाली, लष्करी राजवटी आल्या. शिकलेली मुले तिकडेच राहिली. त्यांच्यामागून डॉक्टर, नर्स, औषधशास्त्राचे पदवीधर गेले. घाना, केनिया, दक्षिण आफ्रिका यांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा. दुसरी वाट सोडतीची. १९९० च्या कायद्यान्वये, ज्या देशांतून थोडे लोक येतात त्यांच्यासाठी दरवर्षी सुमारे ५० हजार व्हिसा सोडतीने देण्याची पद्धत १९९५ पासून सुरू झाली. वाचकांना ही निव्वळ लॉटरी वाटेल. पण अर्ज करण्यासाठी शालान्त शिक्षण पूर्ण झालेले हवे, नाहीतर कौशल्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव हवा. शिवाय नंबर लागल्यावर विमानाचे तिकीट व फीचे पैसे स्वतःचे. अडाणी शेतमजूर या सोडतीत उतरूच शकत नाही. तिसरी वाट निर्वासितांची. १९७४ च्या क्रांतीनंतर इथिओपियातून, १९९१ मध्ये सरकार कोसळल्यावर सोमालियातून, पुढे सुदान व काँगो येथून आलेली माणसे. यांना कोणी परीक्षा घेऊन निवडले नाही.

लाओसच्या लोकांना मात्र ही एकच, तिसरी वाट होती. प्रारंभी आलेल्यांत व्हिएन्टियानचे काही अधिकारी, लष्करातील शिकलेली माणसे होती, पण नंतरच्या लाटांत बहुतेक शेतकरी. ह्मोंग भाषेला रोमन अक्षरांतली लिपी मिळाली तीच मुळी १९५० च्या दशकात, मिशनऱ्यांकडून. छावणीतून थेट विमानात बसलेल्या कित्येक बायकांनी तोवर हातात पेन्सिल धरलेली नव्हती.

आता आकडे पाहू. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत पंचवीस वर्षांवरील लाओ लोकांत पदवीधर होते सुमारे सहांत एक. ह्मोंगांतही तेवढेच. त्या वेळी सर्व अमेरिकेचे प्रमाण दहांत तीन होते. याउलट सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या आफ्रिकींत पदवीधर दहांत चार, म्हणजे गोऱ्या-काळ्या सगळ्या अमेरिकनांच्या सरासरीपेक्षा वर! नायजेरियनांत तर दहांत सहा. तेव्हा आफ्रिकी 'मागे राहिले' हे शिक्षणाच्या बाबतीत उलटेच आहे. मात्र सोमालींत पदवीधर फारच थोडे, लाओंपेक्षाही कमी.

नायजेरियनांची ही हुशारी उपजत म्हणावी, तर खुद्द नायजेरियात पदवीधर थोडेच आहेत. चाळणीतून जे वर राहिले तेच अटलांटिक ओलांडून गेले. अमेरिकेतील भारतीयांचेही तसेच आहे. त्यांच्यातील पदवीधरांचे प्रमाण दहांत सातांवर आहे आणि ते पाहून आपल्याकडे छाती फुगवली जाते. १९८१ पासून उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, त्याची अधिवेशने थाटाने भरतात. पण भारतातून त्या चाळणीपर्यंत पोहोचतो कोण, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे अशी गरज नाही.

शिक्षणाचा निकाल असा लागला, मग उत्पन्नाचाही तसाच लागायला हवा. पण येथे गंमत आहे. २०१९ मध्ये लाओ कुटुंबाचे मध्यम उत्पन्न वर्षाला ६७ हजार डॉलरच्या आसपास होते, म्हणजे सर्व अमेरिकेच्या मध्यम उत्पन्नाच्या बरोबरीने. आणि आफ्रिकी स्थलांतरित कुटुंबाचे, शिक्षण जास्त असूनही, अमेरिकेत जन्मलेल्यांच्या कुटुंबापेक्षा थोडे कमी. आमच्या वक्त्यांनी बहुधा हाच आकडा कोठेतरी वाचला असावा.

तो आकडा खोटा नाही. पण तो कुटुंबाचा आहे, माणशी नाही. समजुतीसाठी एक हिशेब मांडतो. एका घरात सहा माणसे आहेत. बाप कत्तलखान्यात मांस कापतो, आई इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कारखान्यात बसते, थोरला मुलगा गोदामात आहे. प्रत्येकाचे २२ हजार धरले, तर घराचे झाले ६६ हजार. दुसऱ्या घरात तीन माणसे. नवरा ३५ हजारांवर टॅक्सी चालवतो, बायको इस्पितळात मदतनीस म्हणून २५ हजार मिळवते. घराचे झाले ६० हजार. पहिले घर श्रीमंत दिसते. पण माणशी पाहिले तर पहिल्या घरात ११ हजार आणि दुसऱ्यात २० हजार. आणि दुसऱ्या घरातला टॅक्सीवाला मायदेशी इंजिनियर असेल, तर यश कोणाचे आणि अपयश कोणाचे म्हणावे? आमच्याकडे कर्जाच्या अर्जात कुटुंबाचे उत्पन्न विचारतात, त्याच रकान्याशेजारी अवलंबून असणारी माणसे किती हेही विचारतात. तो दुसरा रकाना कोरा असला तर अर्ज परत जातो. तुलना करणाऱ्यांनी तो कोराच ठेवलेला असतो.

आफ्रिकी पदवीधरांना पदवीच्या मानाने पगार का मिळत नाही, याची कारणे सांगण्यासारखी आहेत. लागोसची किंवा अदिस अबाबाची डॉक्टरकी अमेरिकेत जशीच्या तशी चालत नाही. पुन्हा परीक्षा, पुन्हा उमेदवारी, आणि तोवर पोटासाठी रात्रपाळी. वॉशिंग्टन शहराच्या टॅक्सींत इथिओपियाचे कितीतरी शिकलेले लोक बसलेले असतात. दुसरे कारण रंगाचे. नोकरीवर घेणारा माणूस हा नायजेरियाचा की अलाबामाचा हे विचारत बसत नाही. समोर काळा माणूस दिसला की त्याचे मत बनलेले असते. अमेरिकेतील मूळच्या काळ्या लोकांशी या आफ्रिकींची तुलना करून "हे बघा, हेही काळेच, यांना जमते" असेही तिकडे म्हटले जाते. गुलामगिरीच्या अडीचशे वर्षांनी पिळलेला समाज आणि कालच विमानाने उतरलेला पदवीधर यांना एकाच तागडीत घालण्याचा हा प्रकार होय.

आता ज्या तुलनेत खरोखर काही शिकण्यासारखे आहे, तिच्याकडे वळू. मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीकाठी मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही दोन जोडशहरे आहेत. सेंट पॉलमध्ये १९७६ पासून ह्मोंग येऊन राहिले. मिनियापोलिसमध्ये १९९० च्या दशकापासून सोमाली आले. २०२० नंतर त्या राज्यात ह्मोंग ९० हजारांच्या वर आणि सोमाली वंशाचे ८० हजारांच्या आसपास मोजले गेले. दोघेही युद्धातून आलेले, दोघेही छावण्यांतून आलेले, दोघांनाही बर्फ ठाऊक नव्हता. एकांचा धर्म पूर्वजपूजेचा, दुसऱ्यांचा इस्लाम. म्हणजे वाट एक, गाव जवळजवळ एक, फक्त माणसे वेगळी आणि येण्याची वर्षे वेगळी. यापेक्षा चांगली तुलना शोधून सापडणार नाही.

१९९० च्या जनगणनेत, म्हणजे येऊन पंधराएक वर्षे झाल्यावर, अमेरिकेतील ह्मोंगांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते. घरात सरासरी सहाहून अधिक माणसे. बौद्ध लाओंपैकी त्याच वर्षी तिघांत एक दरिद्री, आणि तितकेच बौद्ध असलेले कंबोडियाचे लोक पाहिले तर दहांत चार. त्या काळी वर्तमानपत्रांतून या लोकांविषयी जे छापून येई ते आज सोमालींविषयी छापून येणाऱ्या मजकुराशी ताडून पाहावे. सरकारी मदतीवर जगणारे, इंग्रजी न शिकणारे, पोरे टोळ्यांत जाणारी, बाहेरचे राहणारे. तरणेताठे ह्मोंग पुरुष रात्री झोपेतच मरण पावत, त्याचे कारण डॉक्टरांना सापडेना. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला १९८० च्या सुमारास त्याची चौकशी करावी लागली. दारिद्र्याच्या टक्केवारीत हे दुःख दिसत नाही.

सोमालींची २०१० ते २०१४ या काळातील पाहणी घेतली, म्हणजे त्यांनाही येऊन पंधरा-वीस वर्षे झाल्यावरची, तर मिनेसोटात निम्म्याहून अधिक सोमाली दारिद्र्यरेषेखाली आढळले. म्हणजे तेवढ्याच वर्षांच्या टप्प्यावर दोघे साधारण एकाच पायरीवर उभे होते. पुढे २०१९ पर्यंत ह्मोंगांतील दारिद्र्य सहांत एकापर्यंत उतरले, लाओंतील आठ-नऊंत एकापर्यंत. १९९० मध्येही लाओ बौद्धच होते आणि २०१९ मध्येही. धम्म तोच होता. मधली तीस वर्षे नवी होती.

पण वर्षे सरली की आपोआप भले होते, असेही नाही. १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार नवागतांना ३६ महिने रोख मदत मिळत असे. १९८२ मध्ये ती १८ महिन्यांवर आणली, १९९१ पासून ८ महिन्यांवर. म्हणजे ह्मोंगांच्या पहिल्या लाटेला इंग्रजीची मुळाक्षरे गिरवायला तीन वर्षे मिळाली, सोमालींना आठ महिने. याउलट ह्मोंगांच्या वाट्याला एक विचित्र नियम आला होता. कुटुंबकल्याण योजनेत घरच्या कर्त्याने महिन्याला शंभर तासांहून अधिक काम केले की मदत बंद, मग पगार कितीही कमी असो. आठ मुलांच्या बापाला किमान वेतनाची पूर्णवेळ नोकरी धरली तर घरखर्चासाठी मदतीपेक्षा कमी पैसे हाती येत, आणि औषधोपचाराची सोयही धोक्यात येई. फ्रेस्नोच्या आसपास शेकडो कुटुंबे या हिशेबात अडकली. आळशी कोण म्हणेल? आमच्यासारख्या कारकुनालाही तो हिशेब दोन मिनिटांत समजतो.

१९९६ च्या कायद्याने तर नागरिकत्व नसलेल्यांची पुष्कळशी मदत तोडण्याचे ठरले. अमेरिकेसाठी लढलेल्या म्हाताऱ्या ह्मोंग सैनिकांना पत्रे गेली. पुढच्या वर्षी त्यांतील काही भाग मागे घेण्यात आला, आणि २००० मध्ये या सैनिकांसाठी खास कायदा होऊन नागरिकत्वाच्या परीक्षेतील इंग्रजीची अट शिथिल झाली. हे आपोआप घडले नाही. त्यासाठी ह्मोंग संघटनांनी वर्षानुवर्षे वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले.

राजकारणात हा समाज कसा शिरला हेही पाहण्याजोगे आहे. १९९१ मध्ये चौआ ली सेंट पॉलच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. अमेरिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या ह्मोंग. २००२ मध्ये मी मौआ राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या. नदीपलीकडे २०१० मध्ये हुसेन समतार हे सोमाली गृहस्थ मिनियापोलिसच्या शाळा मंडळावर आले. २०१६ मध्ये इल्हान ओमर राज्याच्या विधानसभेत आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून आल्या. म्हणजे सोमालींना पहिल्या पायरीपासून काँग्रेसपर्यंत जायला आठ वर्षे लागली. 'मागे राहिलेले' ते हेच काय?

हुसेन समतार हे आमच्याच धंद्यातले, म्हणून त्यांच्याविषयी चार ओळी अधिक. निर्वासित म्हणून आलेल्या या गृहस्थांनी बँकेत कर्जविभागात काम केले आणि नंतर आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर नावाची संस्था काढली. त्यांच्या लोकांची अडचण अशी की, इस्लाममध्ये व्याज निषिद्ध. व्याज नको म्हणून दुकानासाठी कर्ज नाही, घरासाठी कर्ज नाही. मग संस्थेने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची आणि ठरलेला नफा धरून ती ग्राहकाला हप्त्याने विकायची, असा मार्ग काढला. २०१३ मध्ये समतार वारले. अजूनही सोमालींत स्वतःचे घर असणारी कुटुंबे फार थोडी, तर मिनेसोटातील ह्मोंगांत निम्म्याच्या आसपास घरमालक आहेत. तिकडे मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घरच. ज्याने १९९५ मध्ये सेंट पॉलला जुने घर घेतले त्याची मालमत्ता झोपेत वाढत गेली, आणि भाडे भरणारा भाडेच भरत राहिला.

आपल्याकडच्या भिशीसारखी पद्धत या आफ्रिकी लोकांत सर्रास आहे. सोमाली तिला हगबाद म्हणतात, इथिओपियाचे लोक इकुब, नायजेरियाचे योरुबा एसुसू. दहा-वीस बायका दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, आळीपाळीने एकेकीला सगळी मिळते. व्याज नाही, कागद नाही, जामीन म्हणजे अब्रू. या पैशांवर टॅक्सी घेतल्या गेल्या, मिनियापोलिसच्या करमेल मॉलमधील कपड्यांचे गाळे उभे राहिले. ह्मोंगांचे बळ निराळे. त्यांची अठरा कुळे. लग्न, मयत, आजारपण, घराचा पहिला हप्ता, सर्वांत कूळ पैसे उभे करते. सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात भाजीचे निम्म्याहून अधिक गाळे ह्मोंगांचे असतात. डोंगरावर शेती करणाऱ्या आज्या शहराबाहेर भाड्याने जमीन घेऊन कोथिंबीर, मिरच्या, भोपळ्याचे वेल पिकवू लागल्या. जे काम कुणालाच 'कौशल्य' वाटत नव्हते त्याच्यावर नातवंडांच्या कॉलेजच्या फीया भरल्या गेल्या.

आणि पैसा बाहेरही जातो. सोमालियाला परदेशातील सोमालींकडून वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जाते. तेथे कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. २०११ च्या डिसेंबरात मिनेसोटातील जी बँक हे पैसे पाठविण्याचे व्यवहार सांभाळत होती तिने, दहशतवाद्यांकडे पैसा गेल्याचा ठपका येईल या भीतीने, ते खाते बंद केले. सोमालियात दुष्काळ चालू होता. आई-बापाला महिन्याचे शंभर डॉलर पाठवायचे कसे, म्हणून बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. घरच्या उत्पन्नाच्या आकड्यात हे शंभर डॉलर मोजले जातात, पण ते त्या घरात राहत नाहीत.

शाळांची गोष्ट राहिली. अमेरिकन शाळांत मुलांची नोंद 'आशियाई' व 'काळा' अशा मोठ्या गटांत होते. लाओ शेतमजुराचा मुलगा आशियाई गटात, तेथे चिनी व भारतीय डॉक्टर-इंजिनियरांच्या मुलांच्या गुणांबरोबर त्याची सरासरी निघते. गट हुशार ठरतो आणि या मुलाला शिकवणी मिळत नाही, कारण आशियाईंना गरज नसते. सोमाली मुलगी काळ्यांच्या गटात. तिची खरी अडचण भाषेची, पण ती आकड्यांत दिसतच नाही. आमच्या शाखेत एका बिल्डरने मोठी ठेव ठेवली की सर्व खात्यांची सरासरी शिल्लक वर चढते. पेन्शनरांच्या खात्यात त्यामुळे एक रुपया वाढत नाही. हे ओळखून मिनेसोटातील ह्मोंग, लाओ, सोमाली अशा अनेक समाजांच्या संघटनांनी एकत्र येऊन मुलांची नोंद समाजवार वेगळी करावी अशी मागणी केली, आणि २०१६ मध्ये तसा कायदा झाला. ज्यांना आमच्या वक्त्यांनी एकमेकांसमोर उभे केले, ते तेथे एका टेबलाशी बसले होते.

मग धम्माने काहीच केले नाही काय, असे बंधुभगिनी विचारतील. केले. लुइझियाना राज्यात न्यू आयबेरिया गावाजवळ लाओ लोकांनी 'लान्सांग' (दहा लाख हत्तींचे राज्य हे लाओसचे जुने नाव) या नावाची वसाहत उभी केली. वेल्डिंग व पाइप जोडण्याचे काम शिकून, तेलधंद्यात राबून आलेल्या पैशांतून जागा घेतली. मध्यभागी विहार, लाओ भाषेत वट, आणि भोवती घरांच्या ओळी. लाओ नववर्ष एप्रिलच्या मध्यावर येते, पण ते लोक तेथे ईस्टरच्या सुटीत साजरे करतात, कारण कारखान्याला तेव्हाच सुटी असते! वटात मुलांना लाओ लिपी शिकवतात, म्हाताऱ्यांना बोलायला माणूस मिळतो, नोकरी कोठे निघाली ते कळते. सोमालींच्या मशिदीत, नायजेरियनांच्या चर्चमध्ये, इथिओपियाच्या लोकांच्या देवळात हेच चालते. आमच्या मंडळाच्या कार्यालयात दुपारी काय चालते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारी यादी काढली. सोमालियावर पूर्ण बंदी होती. लाओसवर अंशतः. एक समाज पुढे गेलेला, दुसरा मागे राहिलेला, असा भेद त्या यादीने केला नाही.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो त्या वक्त्यांना वाचायला दिला. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी सहा माणसांच्या घराचा हिशेब दोनदा करून पाहिला आणि विचारले, "मग पुढच्या वेळी मी काय सांगू?" आम्ही त्यांना न्यू आयबेरियाच्या वटाविषयी आणि हगबादविषयी सांगा म्हटले. येत्या वर्षावासातील तिसऱ्या रविवारी त्यांचे व्याख्यान ठेवले आहे.